इंग्रजी पुढे सरकतंय की अडकलंय, हे ओळखायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय अडतीस, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम, दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे डिप्लोमा. दीड वर्षापूर्वी इंग्रजी मनावर घेतलं. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी चाळीस मिनिटं बसता. पहिल्या सहा महिन्यांत फरक जाणवला, नंतरचं वर्षभर जिथल्या तिथे. उलट चुका वाढल्यात असं वाटतं. 'ही डोन्ट नो' तोंडातून निघतं आणि निघाल्या निघाल्या कळतं की 'डझन्ट' हवं होतं, मग स्वतःचाच राग येतो. मागच्या ऑडिटमध्ये ऑडिटरचं बोलणं पुरतं कळलं नाही म्हणून त्यालाच उलट विचारावं लागलं, त्याची लाज वाटली. चौथीतली मुलगी उच्चार सुधारते. पुढच्या महिन्यापासून परदेशी ग्राहकाबरोबरचा दर आठवड्याचा कॉल तुमच्याकडे येणार आहे. आणि तुम्ही विचारताय की प्रगती होतेय की नाही हे ओळखायचं कसं, की हा नाद सोडून द्यावा?

मी नाशिकला सातपूर आणि अंबड एमआयडीसीतल्या लोकांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. बावीस वर्षं झाली. ऑपरेटर, सुपरवायझर, स्टोअर सांभाळणारे, हिशेब लिहिणाऱ्या बायका असे लोक येतात. तुमचा प्रश्न माझ्यासमोर दर वर्षी कुणी ना कुणी मांडतं, आणि बहुतेक वेळा अगदी याच टप्प्यावर, वर्ष-दीड वर्ष झाल्यावर. नाद सोडू नका. प्रगती झालेली आहे आणि तिचे पुरावे तुमच्याच प्रश्नात आहेत. तुम्ही ते तक्रारी म्हणून लिहिलेत, एवढंच.

'ही डोन्ट'पासून सुरुवात करू.

दीड वर्षापूर्वी तुम्ही 'ही डोन्ट' म्हणत होतात तेव्हा राग येत नव्हता, कारण काही चुकलंय याचा पत्ताच नव्हता. चूक सुटण्याची वाट साधारण अशी असते. आधी चूक होते आणि कळत नाही. मग चूक होते, कुणी दाखवली की 'अरे हो' होतं. त्यानंतर बोलून झाल्यावर आपलं आपल्यालाच कळतं, कधी लगेच, कधी रात्री घरी जेवताना. पुढे 'ही डो... डझन्ट' असं वाक्य अर्ध्यावरच वळतं. शेवटी तोंड उघडायच्या आधी मनातल्या मनात दुरुस्त होतं. आणि एके दिवशी ते आपोआप बरोबर येतं. त्या दिवशी तुम्हाला काहीही जाणवत नाही. बरोबर आलेल्या शब्दाकडे कुणी वळून बघत नाही.

सगळी गोम इथे आहे. या वाटेवरचा सगळ्यात मोठा पल्ला तुम्ही ओलांडलाय, तुमचा कान तयार झालाय. कान नेहमी तोंडाच्या पुढे चालतो. त्यामुळे ज्या काळात माणूस खरोखर शिकत असतो, त्याच काळात त्याला आपल्या चुका सर्वांत जास्त ऐकू येतात आणि आपण मागे पडतोय असं वाटतं. ज्या पट्टीने तुम्ही स्वतःला मोजताय ती पट्टीच दर महिन्याला लांब होतेय.

हा 'डझन्ट' आणि 'ही गोज'मधला शेवटचा 'ज' याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मराठी माणसं यावरून स्वतःला फार कोसतात. इतका सोपा नियम, पाचवीपासून पाठ आहे, तरी बोलताना येत नाही म्हणजे आपल्यातच खोट आहे, असं त्यांना वाटतं. तसं नाही. १९७४ साली हायडी डुले आणि मरीना बर्ट यांनी अमेरिकेत इंग्रजी शिकणारी मुलं तपासली. काही स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली होती, काही चिनी. घरच्या भाषा एवढ्या वेगळ्या असूनही व्याकरणाचे बारीक प्रत्यय साधारण एकाच क्रमाने त्यांच्या बोलण्यात पक्के होत होते. 'गोइंग'मधला 'इंग' लवकर येतो. 'ही गोज'मधला प्रत्यय अगदी उशिरा. त्या मोजणीच्या पद्धतीवर पुढे वाद झाले, पण हा प्रत्यय उशिरा पक्का होतो हे पुन्हा पुन्हा दिसत आलंय, आणि माझ्या वर्गात तर मी ते दर बॅचला बघते.

कारण समजून घ्या. मराठीत क्रियापदाचं शेपूट कामाचं असतं. 'उद्या येतोस का?' यात 'तू' म्हणावंच लागत नाही, 'येतोस' सगळं सांगतं. इंग्रजीत 'ही' आधीच म्हणून झालेलं असतं. मागचा प्रत्यय ऐकणाऱ्याला नवीन काहीच सांगत नाही. तुम्ही 'ही नो' म्हणालात तरी समोरच्याला कळतं. जे वगळल्याने अर्थ अडत नाही, ते घाईच्या बोलण्यात मेंदू सगळ्यात शेवटी हाताशी घेतो. नियम माहीत असणं आणि तो पाव सेकंदात तोंडात येणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्याला वर्षं लागतात, आणि ती हुशार माणसालाही लागतात.

आता 'चुका वाढल्यात' याबद्दल.

माझ्याकडे अंबडच्या एका प्रेस शॉपमधला मुलगा यायचा. आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्याला 'काल कामावर काय झालं' ते सांगायला लावलं आणि ते जसंच्या तसं वहीत उतरवलं: 'मशिन स्टॉप. आय कॉल मेंटेनन्स. ही नॉट कम.' आठ महिन्यांनी पुन्हा तेच विचारलं. तो म्हणाला: 'व्हेन मशिन वॉज स्टॉप, आय हॅड कॉल मेंटेनन्स, बट ही डिडन्ट केम बिकॉज ही वॉज इन अदर लाइन.' लाल पेन घेऊन बसलं तर दुसऱ्यात पहिल्यापेक्षा जास्त खुणा होतील. पण नीट बघा. पहिल्यात तीन तुटक तुकडे आहेत. दुसऱ्यात 'व्हेन', 'बट', 'बिकॉज' आलंय, म्हणजे घटना एकमेकींना जोडून सांगता येतेय. 'डिडन्ट केम' चूक आहे, पण ती कुणाची चूक आहे? ज्याला नकार कसा बांधायचा ते कळलंय आणि भूतकाळाची खूण करायची असते हेही कळलंय, त्याची. त्याने ती खूण दोनदा केली. पहिल्या आठवड्यात तो ही चूक करूच शकला नसता, तेवढं त्याच्याजवळ नव्हतंच.

'हॅड कॉल'चंही तसंच. आपण मराठीत सहज म्हणतो, 'मी काल नगरला गेलो होतो.' त्या 'होतो'मध्ये फक्त झालेली गोष्ट आहे. इंग्रजीतला 'हॅड' मात्र दुसऱ्या एका घटनेच्या आधी घडलेलं सांगायला लागतो. ती दुसरी घटना नसेल तर साधं 'वेंट' पुरतं. 'आय हॅड गॉन टू नगर येस्टरडे' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं ते याच 'होतो'मुळे. ही चूक करणारा माणूस मोठी मोठी वाक्यं बांधायला धजावलेला असतो. 'आय गो नगर' म्हणणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही.

म्हणून वर्गात मी चुका मोजत नाही, त्या कुठल्या प्रकारच्या आहेत ते बघते. सहा महिन्यांपूर्वीच्या चुका आणि आजच्या चुका वेगळ्या असतील तर माणूस चालतोय. त्याच असतील तर थांबलाय. तुम्हीही स्वतःचं असंच बघा. लहान मुलंही याच वाटेने जातात. इंग्रजी घरातलं मूल आधी ऐकून ऐकून 'वेंट' बरोबर म्हणतं, मग नियम कळायला लागला की 'गोड' म्हणायला लागतं, म्हणजे 'गो'ला 'ड' लावून मोकळं होतं, आणि मग पुन्हा 'वेंट'वर येतं. मधल्या काळात ते मागे गेल्यासारखं दिसतं, पण तेव्हाच ते नियम शिकत असतं.

पहिल्या सहा महिन्यांत एवढा फरक वाटला आणि मग सगळं संथ झालं, त्याचा हिशेब सरळ आकड्यांत मांडता येतो. भाषेतले शब्द सारखे वापरले जात नाहीत. सर्वाधिक वापराचे दोन हजार शब्द आणि त्यांची रूपं घेतली की साध्या इंग्रजी मजकुरातला सुमारे ऐंशी टक्के भाग त्यांनी भरतो. पुढचे हजार शब्द शिका, तेवढीच मेहनत घ्या, त्या आकड्यात जेमतेम चार-पाच टक्क्यांची भर पडते. त्यापुढच्या हजारात त्याहून कमी. पॉल नेशन या अभ्यासकाने २००६ साली मांडलेल्या हिशेबानुसार कादंबरी किंवा वर्तमानपत्र फारसं न अडखळता वाचायचं तर आठ-नऊ हजार शब्दकुळं, म्हणजे मूळ शब्द आणि त्यांची रूपं मिळून एक कूळ, लागतात. म्हणजे सुरुवातीला शिकलेला शब्द दिवसातून दहा वेळा भेटतो आणि 'मला येतंय' अशी शाबासकी देतो. आता शिकलेला शब्द महिन्यातून एकदा भेटतो. तुमची मेहनत तेवढीच आहे, पावती मात्र उशिरा मिळते.

तासांचाही हिशेब करू. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली भाषा किती येते हे सांगायला सहा पायऱ्यांची एक चौकट जाहीर केली: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षा घेणारी संस्था प्रत्येक पायरीला लागणाऱ्या शिकवणीच्या तासांचा अंदाज देते. अगदी शून्यापासून धरलं तर ए-टूपर्यंत १८० ते २०० तास, बी-वनपर्यंत ३५० ते ४००, बी-टूपर्यंत ५०० ते ६००. तुमची दीड वर्षं म्हणजे अठ्ठ्याहत्तर आठवडे. आठवड्याला दोन तास चाळीस मिनिटं. एकूण २०८ तास. एकही दिवस चुकला नाही असं धरून.

हा आकडा बघून नाराज होऊ नका, उलट यात दिलासा आहे. तुम्ही शून्यापासून सुरू केलं नव्हतं हे खरं. पण तुमची पिढी म्हणजे २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं त्याच्या आधीची. तुमच्या एबीसीडीला पाचवीत सुरुवात झाली, आणि ते सगळं इंग्रजी धड्याखालची उत्तरं आणि भाषांतर यांत गेलं. बोलण्याचे तास त्यात जवळपास नव्हतेच. म्हणून तुमचं वाचन पुढे आहे आणि बोलणं मागे, आणि बोलण्यापुरतं तुम्ही जेमतेम दुसरी पायरी चढून तिसरीच्या मधे कुठेतरी आहात. पुढची पायरी नीट गाठायला अजून दीडशे-दोनशे तास. तुमच्या वेगाने हे वर्ष-सव्वा वर्ष, कदाचित दीड. तुम्ही अडकलेले नाही, एका लांब जिन्याच्या मध्यावर आहात. वेळ वाढवता आला तर वाढवा, नाही आला तर या वेगात काही गैर नाही. सोळा तासांची धावपळ सांभाळून चाळीस मिनिटं काढणाऱ्या माणसाला कुणी आळशी म्हणू नये, स्वतः त्यानेही.

आता खूण कशी ठेवायची ते सांगते. आठवणीवर विसंबू नका. दीड वर्षापूर्वी आपण कसे बोलत होतो हे कुणालाच खरं आठवत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा. विषय एकच ठेवा, दर वेळी तोच: गेल्या आठवड्यात कामावर अडचण आली ती सांगा. तयारी करू नका, लिहून वाचू नका, चुकलं तरी पुसून पुन्हा करू नका. फाइलला तारखेचं नाव द्या आणि ऐकू नका. तीन-चार महिने अजिबात नाही. मग एक दिवस शांत बसून पहिली आणि ताजी लागोपाठ ऐका.

ऐकताना व्याकरण सोडून द्या. फक्त थांबे कुठे आहेत ते ऐका. नवख्या माणसाचा थांबा शब्दाशब्दाला असतो, तोही नको तिथे: 'द... मशिन वॉज... द... अं... ऑइल...' प्रत्येक शब्द मराठीतून उचलून आणावा लागतो. जमायला लागलं की थांबे वाक्याच्या सांध्यांवर सरकतात: 'व्हेन द मशिन स्टॉप्ड... आय चेक्ड द ऑइल... अँड देन आय कॉल्ड मेंटेनन्स.' थांबे तेवढेच असतील, कदाचित लांबही असतील, पण ते जागेवर आलेले असतात. याचा अर्थ शब्द आता गठ्ठ्याने येतायत. ओघाने इंग्रजी बोलणारेही थांबतातच, पण बहुतेक वेळा अशाच सांध्यांवर. माझ्याकडे मेडिकल दुकान चालवणाऱ्या एक ताई येत. 'मला काही जमणार नाही' म्हणून दोनदा क्लास सोडून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना जानेवारीची आणि ऑगस्टची फाइल ऐकवली. जानेवारीच्या फाइलमध्ये 'टॅब्लेट' आणि 'आफ्टर' यांच्यामध्ये एवढा वेळ गेला की मागे रस्त्यावरची अख्खी मोटरसायकल येऊन गेलेली ऐकू येत होती. ऑगस्टच्या फाइलमध्ये त्या 'आफ्टर फूड, नॉट बिफोर फूड' एका दमात म्हणाल्या होत्या. ताईंनी फाइल परत लावायला सांगितली. काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर सुट्टी घेतली नाही.

दुसरी खूण म्हणजे एक छोटी वही. तिला आम्ही वर्गात दुरुस्तीची वही म्हणतो. रोज एकच ओळ. आज मी स्वतः पकडलेली एक चूक, आणि ती कधी पकडली: घरी आल्यावर, बोलून झाल्यावर लगेच, की बोलता बोलता. दुसऱ्यांनी दाखवलेली लिहायची नाही. दोन महिन्यांनी पानं चाळा. 'घरी आल्यावर' कमी होऊन 'लगेच' वाढतंय का? 'ही डोन्ट' 'लगेच'मधून 'बोलता बोलता'मध्ये आलं का? एखादी चूक वहीतून गायब झालीय आणि तुमच्या लक्षातही आलं नाही, असं होतं का? मी वर सांगितलेली ती आपोआपची जागा तुम्हाला एरवी कधीच दिसणार नाही. या वहीत ती दिसते, कारण जिथे पूर्वी रोज एक नाव असायचं तिथे ते येत नाही.

ऐकण्याचं वेगळं सांगावं लागेल, कारण कॉल तुमच्या डोक्यावर आहे. मराठीत प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा मिळतो. इंग्रजीत एका वाक्यात दोन-तीन जागांवर जोर पडतो आणि मधले छोटे शब्द गिळले जातात. 'व्हॉट डिड यू डू अबाउट इट' हे कानावर 'व्हॉटिजू डू अबाउडिट' असं येतं. कागदावर दिलं तर तुम्हाला शब्दन् शब्द येतो, आणि ऐकताना वाटतं की हे कुठलं इंग्रजी. इथे प्रगतीची पहिली पायरी 'सगळं कळलं' अशी नसते. आधी सगळा नुसता आवाज असतो. मग काही शब्द वर येतात. मग असा टप्पा येतो की 'मधले तीन शब्द सुटले, पण ते अबाउटच्या आधी होते' हे सांगता येतं. नेमकं काय कळलं नाही हे सांगता येणं ही ऐकण्यातली मोठी उडी आहे. क्रिकेट बघत असाल तर इंग्रजी कॉमेंट्री लावून बघा, समोर चित्र असतं त्यामुळे सुटलेले शब्द भरून काढता येतात. एखादी पाच मिनिटांची क्लिप जपून ठेवा आणि तीच तीन महिन्यांनी पुन्हा ऐका.

कॉलसाठी एक कामाची गोष्ट, इथेच सांगून टाकते. 'वी कॅन शिप ऑन फ्रायडे' यातला 'कॅन' बोलताना आक्रसून 'कन' होतो. नकारातला 'कान्ट' किंवा अमेरिकन 'कॅन्ट' मात्र ठळक येतो, आणि शेवटचा 'ट' बऱ्याचदा ऐकूच येत नाही. म्हणून 'कॅन' तुम्हाला एकदम स्वच्छ, जोर देऊन ऐकू आला तर तो होकार धरू नका, तिथे बहुधा नकार असतो. लगेच विचारून घ्या.

यावरून तुमच्या ऑडिटवर येते. तुमच्या प्रश्नातलं हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त आनंद झाला आणि तुम्ही त्याचीच लाज धरून बसलात. तुम्ही ऑडिटरला म्हणालात: 'सॉरी, डू यू मीन द ओल्ड ड्रॉइंग ऑर द रिव्हाइज्ड वन?'

दीड वर्षापूर्वी तुम्ही काय केलं असतं? मान हलवून 'यस सर' म्हणाला असता आणि मग बाहेर येऊन कुणाला तरी विचारलं असतं की ते नक्की काय म्हणत होते. मी हे शेकडो लोकांत बघितलंय. कळलं नसताना 'यस सर' म्हणणं हा आपल्याकडच्या इंग्रजीचा सर्वांत महाग शब्दप्रयोग आहे, त्यापायी चुकीचा माल गेलेला आहे. तुम्ही तो टाळलात. दोन शक्यता मनात धरल्या आणि समोरच्याला त्यातली एक निवडायला लावली. एवढंच नाही, त्या वाक्याच्या शेवटी 'वन' आहे. मराठीतून शब्द उचलणारा माणूस 'रिव्हाइज्ड ड्रॉइंग' म्हणतो, कारण मराठीत तसा 'वन' नाही, आपण 'सुधारित' म्हणून सोडून देतो. हा छोटासा 'वन' इंग्रजीतच विचार करून आलाय. हे वाक्य माझ्या वर्गात कुणी बोललं असतं तर मी ते फळ्यावर लिहिलं असतं.

मुलीचंही बोलते. 'लिसन'मधला 'ट' बोलायचा नसतो हे तिने सांगितलं आणि तुम्हाला खजील व्हायला झालं. ती शाळेत रोज पाच-सहा तास इंग्रजी ऐकते. तुमच्या आठवड्याभराच्या दोन तास चाळीस मिनिटांशी तिची बरोबरी लावू नका. पण तिला 'थांब, परत म्हण' असं सांगा आणि तिच्यापुढे दोनदा म्हणून दाखवा. बाप शिकतोय हे ती बघतेय, याचं मोल मला कुठल्याही परीक्षेपेक्षा जास्त वाटतं. आणि तिला मराठी वाचायला तुम्ही बसवा, तिथे तुम्ही तिच्या पुढे आहात.

ॲपवर सलग किती दिवस झाले, किती व्हिडिओ बघितले, साहेब 'गुड' म्हणाले की नाही, या गोष्टींना मी पुरावा धरत नाही. ॲपची मालिका तुम्ही हजर होतात एवढंच सांगते.

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खरोखर अडकणंही असतं. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ साली शिकणाऱ्याच्या मधल्या भाषेबद्दल लिहिलं, म्हणजे जी धड मराठी नाही आणि धड इंग्रजीही झालेली नाही, पण जिला स्वतःचे नियम आहेत. ही मधली भाषा कधी कधी एका जागी गोठून बसते, असं त्यांनी दाखवलं. ते ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत. वर्षभरापूर्वीच्या आणि आजच्या फाइलमध्ये तीच वाक्यं, तेवढ्याच लांबीची. चुका त्याच. आणि त्या चुका खटकत नाहीत, दुरुस्तीच्या वहीत लिहायला काही सापडत नाही. काम भागतंय, समोरच्याला कळतंय, त्यामुळे पुढे जायची गरज उरलेली नसते. अशी माणसं बहुतेक वेळा स्वतःवर खूश असतात. तुमच्यासारखी अस्वस्थ नसतात.

असं दिसलं तर मेहनत वाढवून फार उपयोग होत नाही, काम बदलावं लागतं. नेहमीच्या विषयावरून उठून असं काही सांगायला घ्या जे तुमच्या हाताशी असलेल्या वाक्यांत बसत नाही: 'असं केलं असतं तर काय झालं असतं', किंवा दोन मशिनमधला फरक, किंवा एखाद्याची बाजू मान्य नाही हे न दुखावता सांगणं. आणि दुरुस्त करायला एका वेळी एकच गोष्ट घ्या, दोन आठवडे फक्त तीच.

हे एका वेळी एकच मी फार मोठी किंमत देऊन शिकले. शिकवायला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत मी प्रत्येक चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायची. तेच चांगलं शिकवणं असं मला मनापासून वाटायचं. एक चाळिशीचे गृहस्थ, लेथवर काम करणारे, आपल्या वडिलांच्या आजारपणाबद्दल इंग्रजीत सांगत होते. पहिल्यांदाच एवढं मोठं बोलत होते. मी त्यांना पाच वाक्यांत सात वेळा थांबवलं. ते बसले. पुढच्या सोमवारी आले नाहीत, नंतरही आले नाहीत. त्या दिवशी त्यांनी केवढी झेप घेतली होती ते मला बघताच आलं नाही, मी प्रत्यय मोजत बसले. ती चूक मला अजून टोचते. आज तुम्ही स्वतःशी तेच करताय, म्हणून एवढं लांबण लावून लिहिलं.

कॉल घ्या. नाही म्हणू नका. पहिल्या कॉलच्या आदल्या रात्री फक्त तीन वाक्यं मोठ्याने म्हणून ठेवा: 'कुड यू से दॅट अगेन, प्लीज?', 'सो यू आर सेइंग दॅट...' आणि 'लेट मी चेक अँड कम बॅक टू यू'. कॉल झाल्यावर पाच मिनिटांत मेल पाठवा, काय ठरलं ते दोन-तीन ओळींत. लिहिताना तुमचं वाचन तुम्हाला साथ देईल, आणि ऐकताना काही निसटलं असेल तर समोरचा तिथेच दुरुस्त करेल.

आणि या रविवारी पहिली फाइल करून ठेवा, कॉल सुरू व्हायच्या आधीची. कुठली अडचण सांगायची हे सुचलं नाही तर त्या ऑडिटचंच सांगा.